दुखत नाही, मग गोळी कशाला?

वाचकहो, आमच्या रात्रीच्या प्रौढ वर्गात एक आबा येतात. राहणार आमच्याच गावचे, नांदुरा तालुक्यातले. चार एकर कोरडवाहू शेती. वयाच्या साठाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा पाटी हातात घेतली. चार महिन्यांत आपले नाव लिहायला शिकले. बँकेत अंगठा न देता सही केली, त्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला पेढे वाटले.

त्याच सुमारास गावात आरोग्य शिबिर झाले. सिस्टरांनी आबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि दाब मोजला. १७८ वर १०४ निघाला. दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या. आबांनी त्या पंधरा दिवस घेतल्या आणि मग डबी फडताळात ठेवून दिली. एका रात्री वर्ग सुटल्यावर ते आम्हाला म्हणाले,

"गुर्जी, मले तं काहीच दुखत नाही. मंग गोळ्या कायले खाऊ?"

आम्ही चाळीस वर्षे शाळा चालवली. मुलांच्या हजार प्रश्नांना उत्तरे दिली. पण त्या रात्री आम्ही नुसते म्हणालो, "डॉक्टरांनी सांगितले आहे ना आबा, मग खायच्या." हे काही उत्तर नव्हे. आबांचे समाधान झाले नाही. डबी फडताळातच राहिली.

पुढच्या वर्षी तुरीच्या सोंगणीच्या दिवसांत आबांना अर्धांगवायू झाला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला. ज्या हाताने सही शिकले होते, तोच हात.

त्या रात्री जे उत्तर द्यायला हवे होते, ते आम्ही आता या धड्यात देत आहोत.

दाब म्हणजे काय?

विहिरीवरची मोटार चालू केली की पाइपात पाण्याचा जोर येतो. पाइपाच्या तोंडावर बोट धरले तर जोर वाढतो. बोट काढले की कमी होतो. आपल्या शरीरात मोटारीचे काम हृदय करते आणि पाइपाचे काम रक्तवाहिन्या करतात. वाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा जो जोर पडतो, त्याला रक्तदाब म्हणतात.

हृदय आवळते तेव्हा जोर जास्त असतो. तो वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हा जोर कमी असतो. तो खालचा आकडा. मोठ्या माणसाचा दाब साधारण १२० वर ८० असावा. पुन्हा पुन्हा मोजूनही वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त येत असेल, अगर खालचा ९० किंवा त्याहून जास्त येत असेल, तर उच्च रक्तदाब आहे असे समजतात.

पाइपात रोज गरजेपेक्षा जास्त जोर राहिला तर काय होते? पहिल्या दिवशी काहीच होत नाही. महिनाभर काही होत नाही. पण आतून पाइप झिजतो आणि एके दिवशी सांध्यात फुटतो. वाहिनीचे तसेच आहे. मेंदूतली वाहिनी फुटली किंवा तुंबली तर अर्धांगवायू होतो. हृदयाची वाहिनी तुंबली तर झटका येतो. मूत्रपिंडातल्या बारीक वाहिन्या खराब झाल्या तर मूत्रपिंड निकामी होते. डोळ्याचीही हानी होते.

पाइप झिजत असताना ओरडत नाही. वाहिनीही ओरडत नाही. आबांना काही दुखत नव्हते ते यामुळेच. दाब दुखून कळत नाही, तो मोजूनच कळतो.

मोजायला माणूस कधी शिकला?

इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक पाद्री होते. त्यांनी घोडीच्या मांडीतल्या धमनीत नळी घालून तिला काचेची उभी नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढले. ही हकीकत त्यांनी १७३३ साली छापली. रक्ताला किती जोर असतो, हे तेव्हा प्रथम मापाने कळले.

पण माणसाच्या अंगात अशी नळी कोण घालून घेणार? पुढे १८९६ साली इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडाला बांधायचा पट्टा आणि पाऱ्याची नळी काढली. १९०५ साली रशियाच्या कोरोटकोव्ह यांनी पट्ट्याखाली नळी लावून नाडीचा आवाज ऐकण्याची रीत शोधली. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, बंद होतो तो खालचा. दवाखान्यात पट्टा बांधून कानात नळी घालतात, ती हीच रीत.

मोजमाप आले, पण औषध मात्र आले नाही. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांची गोष्ट पहा. १९४४ सालच्या मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांचा दाब मोजला, तो १८६ वर १०८ होता. आबांच्या दाबाच्या आसपासच म्हणा. एवढ्या मोठ्या देशाचा धनी, जगातले उत्तम डॉक्टर दिमतीला. तरी विश्रांती, मीठ कमी, विडी कमी, याखेरीज फारसे काही त्यांच्या हाती नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे डोके एकाएकी दुखू लागले. दाब ३०० वर १९० गेला आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते वारले.

जी गोळी त्या काळी अमेरिकेच्या अध्यक्षाला मिळू शकली नाही, तसली गोळी आज आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते. मधल्या काळात काय घडले? त्या गोष्टीतला एक मोठा भाग आपल्या मुंबईत घडला.

जुनी मुळी

सर्पगंधा नावाचे एक झुडूप आहे. हात-दीड हात उंच, सावलीच्या ओलसर रानात वाढणारे. त्याची मुळी कडू. आपल्या देशातले वैद्य आणि हकीम ती पिढ्यानपिढ्या वापरत आले. कोणी साप चावल्यावर देत, कोणी झोप येण्यासाठी देत, कोणी वेडाच्या झटक्यावर देत.

१९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी लिहिले की, ही मुळी वेडावर आणि रक्ताच्या दाबावर उपयोगी पडते. त्याच सुमारास दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी या मुळीतून काही द्रव्ये वेगळी काढली. त्यांतल्या एकाला त्यांनी हकीम अजमलखान यांच्या नावावरून अजमलीन असे नाव दिले.

तरीही जगातल्या डॉक्टरांनी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. "अमक्याला गुण आला" एवढ्याने शास्त्र मानत नाही. कितीजणांना दिली, किती दिली, आधी दाब किती होता, नंतर किती झाला, कोणाला अपाय झाला, हे सारे ते विचारते.

डॉक्टर वकील

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ साली एका पारशी कुटुंबात झाला. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. मनात आणले असते तर ते तिकडेच राहते. पण ते मुंबईला परत आले आणि परळच्या के. ई. एम. रुग्णालयात काम करू लागले. हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. गिरणगावातले कामकरी लोक तिथे येत, कोकण-देशावरून आलेले गरीबही येत.

डॉक्टर वकील हृदयरोगाचे जाणकार होते. दाबाचे रोगी रोज त्यांच्यापुढे येत. त्यांनी सर्पगंधेच्या मुळीच्या गोळ्या दाबाच्या रोग्यांना द्यायला सुरुवात केली. पण नुसत्या दिल्या नाहीत. प्रत्येक रोग्याचा दाब आधी मोजला. गोळ्या चालू असताना पुन्हा पुन्हा मोजला. प्रत्येक आकडा लिहून ठेवला. ज्यांना गुण आला त्यांचेही लिहिले, ज्यांना आला नाही त्यांचेही लिहिले.

अशा ५० रोग्यांची हकीकत त्यांनी १९४९ साली इंग्लंडच्या 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या मासिकात छापली. बहुतेकांचा दाब उतरला होता. तो एकदम नव्हे, हळूहळू, आठवड्या-आठवड्याने उतरला होता.

तो लेख देशोदेशी वाचला गेला. अमेरिकेत बॉस्टन शहरी डॉक्टर रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रोग्यांना ही मुळी देऊन पाहिली आणि त्यांनाही गुण दिसला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतले खरे काम करणारे द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रेसर्पिन. थोड्याच वर्षांत त्याच्या गोळ्या देशोदेशीच्या दवाखान्यांत गेल्या. १९५७ साली डॉक्टर वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातला तो फार मोठा मान. १९५८ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. डॉक्टर गोलवाला यांच्यासह त्यांनी रोगनिदानावर लिहिलेल्या पुस्तकावर आपल्याकडच्या डॉक्टरांच्या पिढ्या शिकल्या. १९७४ साली ते वारले.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मुळी डॉक्टर वकिलांनी शोधलेली नाही. ती आधीच होती. तिचा गुणही काही लोकांना ठाऊक होता. डॉक्टर वकिलांनी तो मोजला आणि लिहिला. लिहिल्यामुळे परळातल्या पन्नास रोग्यांची हकीकत हजारो कोस दूर बसलेल्या डॉक्टरला वाचता आली.

मुळीने दाब कसा उतरतो?

आपल्या शरीरात काही रस असतात. ते रक्तात मिसळून किंवा मज्जातंतूंच्या टोकाशी सुटून अवयवांना हुकूम देतात. रक्तातून जाणाऱ्या रसाला संप्रेरक म्हणतात. डॉक्टर त्याला हॉर्मोन म्हणतात.

अंधारात पायाशी साप दिसला की काय होते? छाती धडधडते, अंग ताठते. अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन या रसांचा हा हुकूम. ते हृदयाला म्हणतात, "जोरात चाल." वाहिन्यांना म्हणतात, "आवळ." साप गेला की हुकूम मागे घेतला जातो. दाबाच्या पुष्कळ रोग्यांत मात्र हा हुकूम थोडाथोडा सतत चालू राहतो.

नॉरअॅड्रेनलिन हा रस मज्जातंतूंच्या टोकाशी साठवलेला असतो. आपण कणगीत ज्वारी साठवतो, तसाच. रेसर्पिन ही कणगी हळूहळू रिकामी करते. कणगीत दाणाच नाही, तर देणार काय? वाहिन्या सैल पडतात, हृदय सावकाश चालते, दाब उतरतो. कणगी रिकामी व्हायला वेळ लागतो, म्हणून गुणही सावकाश येतो. गोळी सोडली की कणगी पुन्हा भरते आणि दाब पुन्हा चढतो.

दाब उतरला, पण जीव वाचला का?

हा खरा प्रश्न. आकडा उतरला म्हणून काय झाले? माणूस जास्त जगला का?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत याची परीक्षा झाली. दाब फार वाढलेले १४३ पुरुष घेतले. निम्म्यांना तीन औषधे मिळून दिली. त्यांतले एक आपले रेसर्पिन. उरलेल्यांना औषध नसलेल्या, पण तशाच दिसणाऱ्या गोळ्या दिल्या. १९६७ साली निकाल छापला गेला. औषध न मिळालेल्यांपैकी २७ जणांना अर्धांगवायू, हृदयाचा बिघाड यांसारखी मोठी दुखणी झाली. औषध मिळालेल्यांपैकी फक्त २ जणांना झाली.

२७ आणि २. आबांच्या प्रश्नाचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. गोळी दुखणे थांबवण्यासाठी नाही. ती उद्याचा घाव टाळण्यासाठी आहे. डवरणी आपण तण माजण्याआधी करतो, माजल्यावर नव्हे.

मुळीची दुसरी बाजू

खरे सांगायचे तर या मुळीचे दोषही निघाले. कोणाचे नाक चोंदे, कोणाला सुस्ती येई. काहींचे मन फार उदास होई, जगणे नकोसे वाटे. मेंदूतल्या कणग्याही रिकाम्या होतात, म्हणून असे होते. शिवाय मागणी वाढली तशा रानातल्या मुळ्या बेसुमार खणल्या गेल्या. झुडूप दुर्मिळ झाले. आता त्याच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत.

पुढे दुसरी औषधे निघाली आणि रेसर्पिन मागे पडले. आज ते क्वचितच देतात. म्हणून कोणी बाजारातून सर्पगंधेची मुळी आणून आपल्या मनाने उगाळून घेऊ नये. कोणत्या मुळीत द्रव्य किती, हे डोळ्यांना दिसत नाही.

नव्या औषधांतली काही आणखी एका रसावर काम करतात. त्या रसाचे नाव रेनिन. तो मूत्रपिंडात तयार होतो. १८९८ साली स्वीडनच्या टिगरस्टेट आणि बर्गमन यांनी तो सशाच्या मूत्रपिंडात शोधला. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते आहे असे वाटले की ते रेनिन सोडते. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन नावाचे संप्रेरक तयार होते. ते वाहिन्या आवळते आणि अंगात मीठ-पाणी धरून ठेवते. ब्राझील देशातल्या एका सापाच्या विषाचा अभ्यास करता करता शास्त्रज्ञांना हे थांबवण्याची युक्ती सापडली. त्यातून कॅप्टोप्रिल हे औषध निघाले. आज पुष्कळांच्या डबीत टेलमिसार्टन असते, तेही अँजिओटेन्सिनचाच हुकूम अडवते. अमलोडिपिन वाहिन्या सैल करते. कोणाला कोणते द्यायचे, हे डॉक्टरांनी ठरवावे.

आपल्या खारपाणपट्ट्यात

पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पसरलेला आहे. आपल्याकडे नांदुरा, शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत विहिरी-बोअरचे पाणी खारे लागते. या पट्ट्यात मूत्रपिंडाचे रोगी पुष्कळ आहेत, हे आपण सगळे जाणतो.

मूत्रपिंड आणि दाब यांचे नाते दुहेरी आहे. दाब वाढला तर मूत्रपिंड बिघडते. मूत्रपिंड बिघडले तर दाब वाढतो. एकाने दुसऱ्याला खड्ड्यात ओढावे, तसे. म्हणून इतरांनी वर्षातून एकदा दाब मोजला, तर आपण दोनदा मोजावा. जिथे नळयोजनेचे गोडे पाणी येते, तिथे पिण्याला आणि स्वयंपाकाला तेच वापरावे.

मिठाचेही तसेच. दिवसाला एका माणसाला सगळे मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम मीठ पुरे. पण भाकरीसंगे ठेचा, वर लोणचे, तळलेला पापड, खारवलेली मिरची, असे करता करता आपण त्याच्या दुप्पट खातो. ठेचा सोडा असे आम्ही म्हणत नाही. आम्हालाही तो लागतो. पण ठेच्यात मीठ निम्मे घालता येते, आणि लोणचे सणावारी ठेवता येते. तंबाखू आणि खर्रा मात्र सोडावाच.

मोजताना काय पाहावे?

पाच मिनिटे स्वस्थ बसावे. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू घेऊ नये. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला असावा. मोजताना बोलू नये. दोनदा मोजून घ्यावे. आकडा विचारावा. "बरा आहे" एवढ्यावर उठू नये. आशाताई, सिस्टर, डॉक्टर कोणीही असो, "किती वर किती?" असे विचारायला लाजू नये. तो आकडा तुमचा आहे.

आणि तो वहीत लिहावा. तारीख, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली की नाही. चार रकाने. डॉक्टर वकिलांनी पन्नास माणसांचे लिहिले, आपल्याला एकाचेच लिहायचे आहे. तुम्ही वाचायला शिकलात, ते याच कामासाठी. दाब उतरलेला दिसला तरी गोळी आपल्या मनाने सोडू नये. गोळीमुळेच तो उतरलेला असतो. गोळीने त्रास झाला तर डॉक्टरांना सांगावे, ते बदलून देतात.

एकाएकी तोंड वाकडे झाले, हात किंवा पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तर वाट पाहू नये. कांदा हुंगवत बसू नये. लगेच १०८ ला फोन लावावा. पहिले काही तास फार मोलाचे असतात.

आबांची वही

आबा आता पुन्हा वर्गात येतात. नातू हात धरून आणतो. बोलणे जरा जड आहे, पण समजते. आम्ही त्यांना वरची सगळी हकीकत वाचून दाखवली. त्यांनी २७ आणि २ हे आकडे दोनदा विचारून घेतले. मग म्हणाले, "गुर्जी, हे तवाच सांगितलं असतं तं?"

आम्ही मान खाली घातली.

आबा आता डाव्या हाताने लिहायला शिकत आहेत. गेल्या सोमवारी उपकेंद्रातून आल्यावर त्यांनी वही पुढे केली. तारीख, १३४, ८४, गोळी घेतली. आठाचा आकडा वाकडा आला होता, पण वाचता येत होता. वाचता आला, म्हणजे झाले.

अभ्यास

१. आबांना काही दुखत नव्हते, तरी त्यांना गोळीची गरज का होती?

२. सर्पगंधा आधीपासून ठाऊक होती. मग डॉक्टर वकिलांनी नवे काय केले?

३. २७ आणि २ हे आकडे कशाचे आहेत? ते घरी एका माणसाला समजावून सांगा.

४. वहीत चार रकाने आखा. घरातल्या मोठ्या माणसांचा दाब या महिन्यात मोजून घ्या आणि स्वतःच्या हाताने लिहा.